आधी तेरा वर्षांखालची मुलं, मग सीनियर टीम

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणालेत. थोडक्यात असं:

"माझा मुलगा २६ वर्षांचा, बी.कॉम. झालेला. पेठेतल्या टीमकडून नऊ वर्षं स्ट्रायकर म्हणून खेळला, विद्यापीठाकडूनही खेळला. शाहू स्टेडियममध्ये त्याच्या नावानं आरोळ्या उठलेल्या मी कानांनी ऐकल्यात. गेल्या वर्षी त्याच गुडघ्याचं लिगामेंटचं दुसरं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सामने कायमचे बंद केले. मी शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर आहे, नोकरीची चार वर्षं उरलीत. पोरगा म्हणतो, 'मी फुटबॉल मॅनेजर होणार.' त्याला एमबीए लागतं का? त्याच्यापुढे दोन गोष्टी आहेत. त्याचीच जुनी टीम पुढच्या हंगामासाठी त्याला मुख्य कोच करायला तयार आहे. मान मोठा, मानधन बेताचं. दुसरीकडे एका अकादमीत तेरा वर्षांखालच्या मुलांचा असिस्टंट कोच म्हणून जागा आहे, पण वर्षभरात लायसन्स काढायची अट आहे. त्याला पहिली हवी. त्याची आई म्हणते दोन्ही सोड, बँकेच्या परीक्षा दे. एवढे गोल मारलेल्या पोराला कोच म्हणून कुणी नाही म्हणेल का?"

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. नऊ वर्षं आरोळ्या ऐकलेल्या मुलाला सव्विसाव्या वर्षी घरी गुडघ्याला बर्फ लावून बसावं लागतं, हे दुःख लहान नाही. तुम्ही ते पत्रात एका वाक्यात उरकलंत, पण घरात ते रोज जेवायच्या ताटापर्यंत येत असणार. त्यामुळे 'मॅनेजर होणार' हे त्याचं बोलणं हट्ट म्हणून बाजूला सारू नका. जे हातातून गेलं त्याच्या जवळ राहायची वाट तो शोधतोय, आणि ती वाट खरीच आहे.

आधी एमबीएचं. इंग्लंडमध्ये 'मॅनेजर' म्हणजे संघ निवडणारा, डावपेच ठरवणारा, कोणता खेळाडू विकत घ्यायचा यात शब्द असणारा माणूस. आपल्याकडे त्या कामाला 'हेड कोच' म्हणतात, आणि 'टीम मॅनेजर' म्हणजे प्रवास, हॉटेल, किट, कागदपत्रं बघणारा. मुलाला पहिलं काम हवंय. त्याला एमबीए लागत नाही, कोचिंगचं लायसन्स लागतं. आपल्याकडे त्याच्या पायऱ्या डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो अशा आहेत. कोर्स भारतीय फुटबॉल महासंघाच्या देखरेखीखाली होतात, महाराष्ट्रात त्यासाठी विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे लक्ष ठेवायचं. एक पायरी झाली की लगेच पुढची मिळत नाही, मध्ये प्रत्यक्ष टीम हाताळल्याचा अनुभव दाखवावा लागतो. आयएसएल, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये मुख्य कोच व्हायचं तर प्रो हवं. म्हणजे हा आठ-दहा वर्षांचा रस्ता धरून चाला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, एवढे गोल मारलेल्या पोराला कुणी नाही म्हणेल का. मला त्यावरच सगळ्यात जास्त लिहायचंय.

इटलीत पिआचेन्झा गावचे दोन सख्खे भाऊ आहेत, फिलिपो आणि सिमोने इन्झागी. थोरला १९७३ चा, धाकटा १९७६ चा. दोघेही स्ट्रायकर. थोरल्याचं, म्हणजे पिप्पोचं नाव तुमच्या मुलाला नक्की माहीत असेल. युव्हेंटसकडून खेळला, मग एसी मिलानकडून. २००६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीच्या संघात होता. २००७ मध्ये अथेन्सला चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची फायनल मिलाननं लिव्हरपूलविरुद्ध २-१ नं जिंकली, ते दोन्ही गोल पिप्पोचे. ऑफसाइडच्या रेषेवर जगणारा माणूस. ड्रिब्लिंग फार नाही, लांबून शॉट फार नाहीत, पण बॉल जिथे पडणार तिथे हा आधीच उभा. मे २०१२ मध्ये मिलानसाठी शेवटचा सामना खेळला, त्यातही विजयी गोल मारूनच निघाला.

धाकटा सिमोने रोमच्या लाझिओ क्लबचा. तोही काही साधा खेळाडू नव्हता. २००० मध्ये लाझिओ इटलीचा विजेता झाला तेव्हा तो संघात होता, आणि त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये मार्सेविरुद्ध एका सामन्यात त्यानं चार गोल मारले. पण इटलीसाठी अवघे तीन सामने खेळला. लोक त्याला 'पिप्पोचा भाऊ' म्हणूनच ओळखायचे.

आता दोघं थांबल्यावर काय झालं ते बघा.

सिमोने २०१० मध्ये निवृत्त झाला आणि लाझिओच्याच पोरांच्या संघावर कोच म्हणून रुजू झाला. त्या वर्षी कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसेल. सहा वर्षं तो एकेक वयोगट वर सरकत गेला. युवा संघाबरोबर कप जिंकले. एप्रिल २०१६ मध्ये लाझिओनं मोठ्या संघाच्या कोचला काढलं आणि हंगाम संपेपर्यंतचं काम सिमोनेवर सोपवलं. तेही तात्पुरतं. उन्हाळ्यात क्लबनं अर्जेंटिनाच्या मार्सेलो बिएल्सांना नेमलं, आणि सिमोने खालच्या डिव्हिजनमधल्या सालेर्नितानाला जाणार असं ठरलं. बिएल्सांनी दोनच दिवसांत राजीनामा दिला. लाझिओनं सिमोनेला परत बोलावलं.

यात नशीब आहे, ते मी नाकारत नाही. पण दार उघडलं तेव्हा आत जाणाऱ्याकडे सहा वर्षांचं काम होतं. पुढच्या पाच वर्षांत लाझिओनं एक इटालियन कप आणि दोन सुपर कप जिंकले. त्याच्या हाताखाली चिरो इम्मोबिलेनं २०१९-२० च्या हंगामात लीगमध्ये ३६ गोल मारले आणि लीगमधल्या गोलांसाठी मिळणारा युरोपचा गोल्डन शू घेतला. स्ट्रायकर राहिलेल्या कोचनं दुसऱ्या स्ट्रायकरभोवती संघ उभा केला, ही गोष्ट तुमच्या मुलाला आवडेल. मग सिमोने इंटर मिलानला गेला, २०२४ मध्ये त्यांना लीग जिंकून दिली, आणि २०२३ व २०२५ असे दोनदा चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत नेलं. दोन्ही फायनल हरला, दुसरी तर ५-० नं. तरीही आज कोच म्हणून विचाराल तर धाकट्याचं नाव आधी येतं.

पिप्पोनंही मिलानच्या पोरांच्या संघापासूनच सुरुवात केली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दोनच वर्षं. जून २०१४ मध्ये मिलाननं त्याला थेट मोठ्या संघाचा कोच केलं. गाव त्याच्या बाजूनं होतं, स्टेडियममध्ये त्याचं नाव घुमत होतं. पहिलाच सामना जिंकला, तोही लाझिओविरुद्ध ३-१. हंगाम संपला तेव्हा मिलान दहावा होता आणि पिप्पोची नोकरी गेली होती. सगळा दोष त्याचा नव्हता. क्लबच्या तिजोरीची अवस्था वाईट होती, मोठे खेळाडू आधीच निघून गेले होते. पण ज्यांच्या शेजारी बसून दोन वर्षांपूर्वी बुटाच्या लेस बांधल्या, त्यातल्याच काहींना आता त्यानं बाकावर बसवायचं होतं. हे कसं करायचं ते गोल मारताना कुणी शिकवत नाही.

यापुढचा भाग मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या मुलाला तो कुणी सांगणार नाही. पिप्पो घरी बसून राहिला नाही. २०१६ मध्ये त्यानं इटलीच्या तिसऱ्या डिव्हिजनमधल्या व्हेनेझिया क्लबचं कोचपद घेतलं. दोन चॅम्पियन्स लीग जिंकलेला माणूस लहान लहान मैदानांवर गेला आणि पहिल्याच हंगामात संघाला वर चढवलं. पुढे बोलोन्याला गेला, तिथून अर्ध्या हंगामात काढला. मग बेनेव्हेंतोला २०२० मध्ये पहिल्या डिव्हिजनमध्ये आणलं, पुढच्याच वर्षी तो संघ खाली गेला. २०२५ मध्ये पिसाला वर आणलं, तिथले लोक त्यासाठी ३४ वर्षं थांबले होते. बेनेव्हेंतोत असताना डिसेंबर २०२० मध्ये दोघे भाऊ समोरासमोरच्या बाकांवर उभे राहिले, सामना १-१ सुटला. त्या रात्री त्यांच्या आईवडिलांच्या घरी काय वातावरण असेल, असं माझ्या मनात नेहमी येतं.

एकाच घरातले, एकाच जागेवर खेळणारे दोघे. ज्याच्या नावावर गोल जास्त, त्याला कोच म्हणून शिकायला पडझडीतून जावं लागलं. ज्याच्या नावावर कमी, तो पोरांमध्ये सहा वर्षं राहून शिकला. गोल मारल्यानं दार लवकर उघडतं, एवढं खरं. आत गेल्यावर लागणारं सामान वेगळं असतं. इंग्लंडच्या अॅलन शियररचं घ्या. प्रीमियर लीगमध्ये आजवर सर्वांत जास्त गोल त्याचे. २००९ मध्ये आपल्याच न्यूकॅसलला वाचवायला तो शेवटच्या आठ सामन्यांसाठी कोच झाला. एकच जिंकला, संघ खाली गेला, आणि त्यानंतर त्यानं हे काम पुन्हा केलं नाही.

असं का होतं? स्ट्रायकरचा धंदाच वेगळा आहे. चुकलेली संधी त्यानं तिथेच विसरायची असते, नाहीतर पुढचा शॉट कापऱ्या पायानं जातो. कोचला विसरून चालत नाही. ती संधी का चुकली, पास उशिरा आला का, तो उशिरा का आला, हे त्याला सामना संपल्यावरही उलगडत बसावं लागतं. स्ट्रायकरचं तोंड समोरच्या गोलकडे असतं, आपले दहाजण बहुतेक वेळ पाठीमागे. तुमच्या मुलानं नऊ वर्षं जे पाठीमागे ठेवलं, तेच आता समोर घेऊन बसायचंय.

मागच्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका शाळेच्या मैदानावर मी सकाळी साडेसहाला एका कोचचं काम बघायला गेले होते. हे गृहस्थ स्वतः स्ट्रायकर, राज्यासाठी खेळलेले. समोर अठरा मुलं, बॉल पाच, कोन कमी पडले म्हणून पाण्याच्या बाटल्या कापून उलट्या ठेवलेल्या. एक मुलगा कुठूनही शॉट मारत होता. चौथ्यांदा बॉल कंपाउंडबाहेर गेल्यावर कोचनी शिट्टी वाजवली. मला वाटलं, आता स्वतः मारून दाखवतील. त्यांनी बॉलला पाय लावला नाही. मुलाजवळ गेले, गुडघ्यावर बसले, त्याची सुटलेली लेस बांधता बांधता विचारलं, "मारलास तेव्हा डावीकडे कोण होतं रे?" मुलगा गप्प. "जा, परत त्याच जागी उभा राहा आणि सांग." मुलगा गेला, उभा राहिला, मान वळवली. डावीकडे त्याचा मित्र एकटाच उभा होता, हात वर करून. पुढच्या वेळी मान आधी वळली आणि शॉट नंतर आला. पंधरा मिनिटांत झालेली ही एवढीच गोष्ट. ते मला नंतर म्हणाले, "मॅडम, पहिली दोन वर्षं मी मारूनच दाखवायचो. मुलं टाळ्या वाजवायची आणि शिकायची काहीच नाहीत."

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. तेरा वर्षांखालची जागा घ्या.

जुन्या टीमचा मान मी कमी लेखत नाही. पेठेतली ईर्षा काय असते ते कोल्हापूरबाहेरच्याला कळणार नाही, आणि आपल्या तालमीच्या टीमनं बोलावणं म्हणजे घरानंच हाक मारणं. पण तिथे मुलाला पहिल्याच आठवड्यात ज्याच्याबरोबर रात्री रंकाळ्यावर बसून भेळ खाल्ली त्याला सांगावं लागेल, 'रविवारी तू बाहेर.' दोन सामने हरले की आरोळ्या तशाच उठतील, शब्द बदललेले असतील. आणि हे सगळं लायसन्स नसताना, शिकवायचा एक दिवसाचाही अनुभव नसताना. आज त्यानं ते घेतलं आणि बिघडलं, तर टीमही तुटेल आणि मित्रही. टीमच्या पदाधिकाऱ्यांकडे त्यानं स्वतः जावं, फोनवर सांगू नये. म्हणावं, 'यंदा मला मुख्य कोच करू नका, जो कोण येईल त्याच्या हाताखाली आठवड्यातून दोन संध्याकाळी फॉरवर्ड पोरांकडून सराव करून घेतो.' जाणत्या माणसांना यात अपमान वाटणार नाही. तीन-चार वर्षांनी, सी लायसन्स हातात असताना, हाच प्रश्न पुन्हा आला तर मी वेगळं उत्तर देईन.

आता तुमच्या सौभाग्यवतींच्या काळजीबद्दल. ती काळजी बरोबर आहे, तिला 'बाईमाणसाला फुटबॉल काय कळतं' म्हणून उडवू नका. आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या फॉरवर्ड-कोचचं आयुष्य त्यांच्याच बाजूनं साक्ष देतं. पी. के. बॅनर्जी जलपायगुडीत जन्मले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय संघात होते, १९६० मध्ये रोमला कर्णधार होते आणि फ्रान्सविरुद्ध १-१ सुटलेल्या सामन्यातला भारताचा गोल त्यांचाच, १९६२ च्या आशियाई सुवर्णपदकाच्या सामन्यातही त्यांनी गोल मारला. एवढा मोठा खेळाडू मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडून खेळलाच नाही. ईस्टर्न रेल्वेत नोकरी होती, तिथेच खेळले, आणि १९५८ मध्ये त्या रेल्वेच्या संघानं कलकत्ता लीग जिंकली. मोठे क्लब त्यांच्या आयुष्यात नंतर आले, कोच म्हणून. १९७७ मध्ये त्यांच्या मोहन बागाननं एकाच हंगामात आयएफए शिल्ड, ड्युरँड आणि आपल्या मुंबईचा रोव्हर्स कप असे तिन्ही जिंकले. सामन्याआधी ते खेळाडूंशी जे बोलायचे त्याला 'व्होकल टॉनिक' असं नावच पडलं होतं, इतका त्याचा असर. नोकरीनं त्यांच्या खेळाचं काही बिघडवलं नाही.

रेल्वेतली ती सोय आज तशी सहज मिळत नाही, पण मार्ग आहेत. मुलगा पदवीधर आहे, तेव्हा बी.पी.एड. करता येईल. दोन वर्षांचा कोर्स, राज्याची सीईटी असते. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर ती पदवी लागते, आणि खासगी शाळांना फुटबॉल येणारा शिक्षक हवाच असतो. लायसन्स आणि बी.पी.एड. दोन्ही असलेल्या माणसाची चूल सहसा बंद पडत नाही. दुसरं, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. विद्यापीठाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र त्यात बसतं की नाही, हे विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात जाऊन आधी विचारून घ्या. पडताळणी तिथेच होते. अर्ज भरल्यावर कळून उपयोग नाही. बँकेच्या परीक्षेला मी नको म्हणत नाही, पण मन मैदानात ठेवून दिलेली परीक्षा कशी जाते ते मी बऱ्याच मुलांचं पाहिलंय.

अकादमीला होकार देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. पगार बारा महिने की फक्त हंगामापुरता. लायसन्सच्या कोर्सची फी कोण भरणार, आणि त्या दिवसांची रजा पगारी का. सरावात गुडघ्याला काही झालं तर विमा आहे का. आणि हाताखाली घेणारा मुख्य कोच कोण, त्याचं लायसन्स कोणतं. शेवटची गोष्ट मला पगाराइतकीच मोठी वाटते, कारण पहिल्या दोन वर्षांत मुलगा त्याच्यासारखाच बोलायला शिकणार आहे.

आणि फिजिओला विचारल्याशिवाय कोर्सचा अर्ज भरू नका. डी लायसन्सच्या कोर्समध्ये वर्गाबरोबर मैदानावरची प्रात्यक्षिकंही असतात, दुसऱ्यांच्या सेशनमध्ये धावावं लागतं.

आता दोन ओळी मुलासाठी, त्याला वाचून दाखवा.

बाळा, खालिद जमील यांचं नाव तुला माहीत आहे. मुंबईत महिंद्र आणि एअर इंडियाकडून खेळलेले मिडफिल्डर, दुखापतींनी त्यांचाही खेळ खाल्ला. कोच म्हणून मुंबई एफसीचा छोटा संघ वर्षानुवर्षं सांभाळला, मग २०१७ मध्ये आयझॉलला घेऊन आय-लीग जिंकली, आणि २०२५ मध्ये भारताचे मुख्य कोच झाले. गुडघा गेला म्हणजे फुटबॉल गेला असं नाही. पण तुला आता पहिलीत बसायचंय, आणि नऊ वर्षं शाहू स्टेडियम गाजवलेल्या माणसाला पहिलीत बसणं जड जातं, हे मला कळतं.

पुढचे चार रविवार एक काम कर. एक शंभर पानी वही घे आणि स्टेडियमवर जा. प्रेक्षकांत मित्रांबरोबर बसू नकोस, गोलच्या मागच्या बाजूला एकटा बस. गोल मोजू नकोस. तुझ्या जागेवर खेळणाऱ्या पोराकडे तर अजिबात बघू नकोस, ते तुला सगळ्यात अवघड जाईल. एका टीमचा लेफ्ट बॅक निवड आणि नव्वद मिनिटं त्यालाच बघ. बॉल त्याच्याकडे नसताना तो कुठे उभा असतो, कधी ओरडतो, कुणाकडे बघतो, कितव्या मिनिटाला दमतो, बॉल गेला तर कुठे गेला. घरी येऊन एक पान लिही. पुढच्या रविवारी दुसरा खेळाडू.

चार पानं झाली की फोटो काढून मला पाठव. अकादमीला उत्तर द्यायच्या तारखेच्या आधी पाठवलीस तर बरं. मी ती वाचून, तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी तुझं पहिलं सेशन कसं आखायचं ते त्या मघाच्या पुण्याच्या कोचना विचारून तुला कळवते. त्यांच्याशी माझं बोलणं झालंय, ते तयार आहेत.